एका अंगीं दोन पेशे

पत्त्यांचा डाव मांडला म्हणजे पहिलें भांडण पानांवरून होत नाहीं, नियमांवरून होतें. बदामसात खेळावयास बसलेल्या कुटुंबांत "आमच्याकडे असं नसतं" हें वाक्य कोणीच उच्चारलें नाहीं, असा एकहि डाव मला आठवत नाहीं. मामाच्या घरची रीत एक, आत्याच्या घरची दुसरी. दोन्ही घरचीं मुलें सुटींत एकत्र आलीं कीं पहिली अर्धी घटका घटना लिहिण्यांतच जावयाची. आपल्याकडील बुद्धिबळाचीहि कथा हीच होती. प्याद्यानें पहिल्या खेळीस एक घर जावें कीं दोन, राजाला एकदां घोड्याची उडी द्यावी कीं विलायती रीतीनें किल्ला बांधूं द्यावा, ह्यावर जुनीं माणसें हमरीतुमरीवर येत. असल्या घरच्या नियमांना कोणी टीकाकार लाभला नाहीं, आणि लाभण्याचें कारणहि नव्हतें. बदामसातच्या नियमानें कोणाच्या चरित्राला बाध येत नाहीं.

परंतु ज्या खेळाचें साहित्यच मुळीं चरित्र आहे, त्याच्या घरच्या नियमांची गोष्ट निराळी. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांतल्या लेक जिनिव्हा ह्या लहानशा गांवाहून १९७४ सालीं तीन चोपड्यांच्या रूपानें बाहेर पडला. ज्या वाचकांच्या घरीं तो अद्याप शिरलेला नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द सांगितले पाहिजेत. मेजाभोंवतीं चारसहा मंडळी बसतात. त्यांतील एक सूत्रधार. तो प्रसंग सांगतो : समोर पडकें देऊळ आहे, आंत कोणाच्या तरी श्वासाचा आवाज येत आहे. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र झालेले असतात व आपलें पात्र काय करील, काय बोलेल, हें ते त्या पात्राच्या तोंडानें सांगतात. जेथें फल अनिश्चित, तेथें फांसे टाकतात. जिंकणें-हरणें असें ह्या खेळांत नसतें; गोष्ट पुढें जाते इतकेंच, आणि एकच गोष्ट दर आठवड्यास बसून दोनदोन तीनतीन वर्षें चालते. एवढ्या काळांत पात्राविषयीं जी ममता उत्पन्न होते ती कादंबरीच्या नायकाविषयीं होणाऱ्या ममतेहून कमी नसते. मला तर वाटतें, अधिकच असते. कारण कादंबरीच्या नायकाच्या हातून घडलेल्या चुका आपल्या नसतात.

प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. मूळ शब्द 'क्लास' असा आहे. त्याला वर्ग म्हटलें तर शाळा आठवते आणि वर्ण म्हटलें तर नको तो वाद अंगावर येतो, म्हणून पेशाच बरा. पहिल्या चोपडींत पेशे तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपासक. पुढील वर्षीं त्यांत चोराची भर पडली. पराक्रम केल्यावर सूत्रधार पात्रास अनुभवाचे गुण देतो; गुण सांचले कीं पात्र आपल्या पेशाची एक पायरी वर चढतें. आतां प्रश्न असा, कीं एकाच पात्रानें दोन पेशे करावे कीं नाहीं, आणि केल्यास कोणत्या भावानें? ह्या एका प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत छापील पुस्तकांनीं पांचसहा परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं, आणि त्यांतील एकहि उत्तर जसेंच्या तसें स्वीकारलेला खेळगट मला अजून भेटावयाचा आहे. प्रत्येक घरीं दुपेशी पात्रासाठीं घरचा नियम आहे. हा नियम म्हणजे छापील पुस्तकावर केलेली टीका होय. फक्त ती लेखानें केलेली नाहीं, वापरानें केलेली आहे. तेव्हां त्या टीकेवर टीका करण्यास ह्या मासिकाच्या वाचकांची हरकत नसावी.

प्रश्न उत्पन्न कां झाला, हें प्रथम पाहिलें पाहिजे. गायगॅक्सनें १९७९ सालीं सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथाच्या परिशिष्टांत ज्या कथालेखकांचें ऋण मान्य केलें आहे, त्यांत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स, टोल्किन हीं नांवें आहेत. हॉवर्डचा कोनन चोर होता, चांचा होता, भाडोत्री शिपाई होता आणि अखेर राजा झाला. लायबरचा ग्रे माउसर तरुणपणीं एका मांत्रिकाचा शिष्य होता. पुढें तलवार आणि चोरी ह्यांवर त्यानें पोट भरलें. टोल्किनचा गँडाल्फ जादूगार, पण त्याच्या कमरेला तलवार असते आणि ती शोभेची नसते. म्हणजे ज्या वाङ्मयाच्या पोटीं हा खेळ जन्मला तें वाङ्मय दुपेश्यांनीं भरलेलें, आणि खेळानें मात्र जन्मतांच कप्पे पाडले! कप्पे पाडण्याचें कारणहि उघड आहे. चारसहा जणांनीं मिळून गोष्ट सांगावयाची तर प्रत्येकाच्या वांट्यास असें कांहीं काम आलें पाहिजे कीं जें दुसऱ्यास जमत नाहीं. कुलूप चोरानेंच उघडावें, जखम उपासकानेंच बांधावी. एकट्या माणसाच्या कथेस पेशा लागत नाहीं, मेळ्यास लागतो. दुपेश्याचा सारा वाद ह्या दोन गरजांच्या ओढाताणींतून निघालेला आहे.

मराठींत ह्या बाबतींत दोन निकाल तयारच आहेत. एक, 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. दुसरा, 'सव्यसाची'. पहिला निकाल स्वीकारणाऱ्या नियमकर्त्यानें दुपेश्यास दंड करावा. दुसरा स्वीकारणाऱ्यानें त्याला डोक्यावर घ्यावें. गंमत अशी, कीं छापील पुस्तकांनीं बहुधा दंड करावयाच्या इराद्यानें बक्षीस दिलें आणि बक्षीस द्यावयाच्या इराद्यानें दंड केला.

१९७४ च्या चोपडींत दुपेश्याविषयीं जें आहे तें एल्फ नामक दीर्घायुषी वनवासी जातीच्या पोटांत दोनचार ओळींत आहे. एल्फानें लढवय्या व्हावें किंवा मांत्रिक. एका मोहिमेपुरतें एकच, पुढच्या मोहिमेस वाटल्यास दुसरें. लढवय्या म्हणून त्याची धांव चौथ्या पायरीपर्यंत, मांत्रिक म्हणून आठव्या. मोहीम कोठें संपते? पेशा बदलला म्हणजे अंगची ताकद बदलते काय? चोपडी गप्प. ह्या मौनास मी दोष देत नाहीं. तिसऱ्या चोपडीच्या अखेरीस लेखकांनीं स्पष्टच सुचविलें होतें कीं तुमच्या वतीनें कल्पना आम्हींच कां करावी? मौन हेंच निमंत्रण होतें, आणि घराघरांतून तें स्वीकारलें गेलें. पुढें धंदा वाढला आणि त्याच गायगॅक्सला सर्वत्र एकच नियम असावा असें वाटूं लागलें. ज्यानें दार उघडलें त्यानेंच तें लोटावयास जावें, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या इतिहासांत नवी नाहीं.

१९७८ सालचा 'प्लेयर्स हँडबुक' हा ह्या विषयावरचा पहिला सविस्तर ग्रंथ. त्यांत दोन मार्ग आहेत आणि ते जातीवर ठरतात. एल्फ, ड्वॉर्फ इत्यादि मानवेतरांनीं दोन किंवा तीन पेशे एकाच वेळीं चालवावे. मिळालेले गुण त्या पेशांत सारखे वांटावे. वरवर पाहतां हा दंड वाटतो. पण हिशेब करून पाहा. निव्वळ लढवय्यास ४०,००० गुणांवर सहावी पायरी मिळते, निव्वळ मांत्रिकास पांचवी. तेच ४०,००० गुण एल्फानें निम्मेनिम्मे वांटले तर तो वीस हजारांवर पांचव्या पायरीचा लढवय्या आणि चौथ्या पायरीचा मांत्रिक होतो. निम्मे गुण देऊन प्रत्येकीं एकच पायरी गमावली आणि दुसरा अख्खा पेशा पदरांत पडला! कारण प्रारंभीं प्रत्येक पायरीची किंमत मागच्या पायरीच्या दुपटीच्या आसपास असते. दुपटीच्या जिन्यावर निम्में होणें म्हणजे एक पायरी मागें राहणें, एवढेंच. पुढें वरच्या मजल्यावर ही दुप्पट थांबते. लढवय्याला नवव्या पायरीनंतर प्रत्येक पायरीस सारखेच अडीच लाख गुण लागतात आणि तेथें वांटणी खरोखर जाचते. शिवाय एल्फाच्या माथ्यावर छप्पर आहे : बल कितीहि असो, लढवय्या म्हणून सातव्या पायरीच्या वर नाहीं, बुद्धि कितीहि असो, मांत्रिक म्हणून अकराव्याच्या वर नाहीं. आणि छपरास डोकें लागल्यावरहि निम्मे गुण त्या बंद खात्यांत पडतच राहतात.

म्हणजे तरुणपणीं उधळपट्टी आणि म्हातारपणीं दारिद्र्य. हा न्याय नव्हे असें मी म्हणत नाहीं. पुष्कळ घराण्यांचा इतिहास असाच आहे. परंतु बहुतेक खेळ सहासात पायऱ्यांवर मोडतात : कोणाची बदली होते, कोणाचें लग्न होतें, कोणाला मूल होतें. छप्पर लागण्याआधींच गोष्ट संपते, आणि मग एल्फानें उचललेलें कर्ज फेडण्याची वेळच येत नाहीं. ज्या घरांनीं 'छप्पर उडवा' असा नियम केला त्यांनीं दुपेश्याची उरलीसुरली किंमतहि काढून घेतली आणि मनुष्यपात्र निवडण्यास कारण ठेवलें नाहीं. ज्या घरांनीं छप्पर ठेवून प्रारंभींचा भाव चढविला, म्हणजे गुण वांटण्यापूर्वीं त्यांतून कांहीं हिस्सा कापला, त्यांना रोग समजला होता.

मनुष्यासाठीं १९७८ चा दुसरा मार्ग मात्र मला फार आवडतो, आणि तो आवडणारा मनुष्य मला दुसरा भेटलेला नाहीं. मनुष्यानें दोन पेशे एकदम करूं नयेत. त्यानें पहिला पेशा सोडावा आणि दुसरा अगदीं पहिल्या पायरीपासून आरंभावा. त्यासाठीं जुन्या पेशाच्या मुख्य गुणांत निदान १५ आणि नव्याच्या गुणांत निदान १७ असले पाहिजेत. तीन फांशांवर सतरा किंवा अठरा पडण्याचा योग २१६ मध्यें चार वेळां येतो. तेव्हां हें सर्वांसाठीं नाहीं हें उघड आहे. ह्यापुढें खरी अट. नव्या पेशाची पायरी जुन्या पेशाच्या पायरीच्या वर जाईपर्यंत जुनें कौशल्य वापरावयाचें नाहीं. जिवावर बेतलें म्हणून तलवार उचलली तर त्या मोहिमेचा सारा अनुभव बुडाला!

हें वाचतांना मला विश्वामित्र आठवला. राजा कौशिक, हातीं सैन्य, शस्त्रें, राज्य. वसिष्ठापुढें तें सारें फोल ठरलें तेव्हां त्यानें क्षात्र टाकून तप आरंभिलें. पण जेव्हां जेव्हां आंतला जुना क्षत्रिय उसळला, क्रोध आला, मत्सर आला, तेव्हां तेव्हां सांचलेलें तप गेलें आणि पुन्हां आरंभापासून आरंभ. ज्या पुराणकथेंत पेशा बदलण्याची किंमत पात्राच्या स्वभावांतूनच वसूल होते ती कथा आणि हा अमेरिकन हिशेबी नियम हे एकाच सत्याकडे पाहत आहेत. नियमकर्त्याच्या मनांत विश्वामित्र होता असें म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाहीं. पण जी अट पात्रास मोहांत टाकते, आणि मोह टाळल्याबद्दल किंवा न टाळल्याबद्दल गोष्ट उत्पन्न करते, ती अट वाङ्मयदृष्ट्या श्रेष्ठ. गुणांची वांटणी ही हिशेबाच्या वहींत घडते. तलवार उचलावी कीं नाहीं हें मेजावर, सर्वांच्या समक्ष घडतें. घरोघरीं हा नियम 'फार कडक' म्हणून प्रथम कापला गेला. कडक तो आहेच.

(त्याच ग्रंथाच्या परिशिष्टांत भाटाचा पेशा आहे. भाट होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं लढवय्या म्हणून पांच पायऱ्या चढाव्या, मग तो पेशा टाकून चोर व्हावें, तेथेंहि तितकीच उमेदवारी करावी, आणि तदनंतर ड्रुइड नामक वनपुरोहितांच्या हाताखालीं गावयास लागावें. आमच्याकडे कीर्तनकारालासुद्धां इतकें करावें लागत नाहीं.)

ह्याच सुमारास दुसरीकडे निराळे प्रयोग चालू होते. १९७५ च्या 'टनेल्स अँड ट्रोल्स'मध्यें लढणारा आणि मंत्र म्हणणारा असा मधला एक पेशाच होता. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'नें पेशेच रद्द करून प्रत्येक कौशल्य सुटें वाढूं दिलें. तेथें आमचा प्रश्नच उद्भवत नाहीं, म्हणून तेथें रेंगाळण्याचें कारण नाहीं. मात्र १९८१ सालीं टॉम मोल्डव्हेनें संपादिलेल्या सोप्या आवृत्तीचा उल्लेख केला पाहिजे. तेथें एल्फ हाच एक पेशा केला आहे. एल्फ म्हणजे लढणारा मांत्रिक, बस्स. दुसरी पायरी चढावयास लढवय्यास २,००० गुण लागतात, मांत्रिकास २,५००, एल्फास ४,०००. दोन्ही किंमतींची बेरीज करून त्यांतून थोडी सूट दिलेली, आणि सारें एका ओळींत. वहींत वांटणी नाहीं, अटींचें जंगल नाहीं. दुपेश्याची किंमत आठव्या वर्षाच्या मुलास कळेल अशी लिहिलेली मला दुसरीकडे दिसली नाहीं. त्यांतील उणीव एवढीच, कीं सगळे एल्फ एकसारखे झाले.

२००० सालीं तिसरी आवृत्ति आली. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक व स्किप विल्यम्स हे तिचे रचनाकार. त्यांनीं जातीचा भेद काढून टाकला आणि सर्वांना एकच मुभा दिली : प्रत्येक पायरी चढतांना वाटेल तो पेशा घ्यावा. पांच पायऱ्या लढवय्याच्या, पांच मांत्रिकाच्या, बेरीज दहा. काय हा मोकळेपणा! परंतु जिना आतां दुपटीचा राहिला नव्हता. दहा पायऱ्या सरळ चढलेला मांत्रिक पांचव्या प्रतीचे मंत्र म्हणतो. पांच-पांच चढलेला तिसऱ्या प्रतीवर अडकतो, आणि लढाईंतहि निव्वळ लढवय्याच्या मागें पडतो. म्हणजे ज्याला खरोखरच दोन्ही व्हावयाचें होतें त्याच्या भाराभर चिंध्या झाल्या. उलट ज्याला कांहींच व्हावयाचें नव्हतें, फक्त प्रत्येक घरच्या ताटांतला पहिला घांस पाहिजे होता, त्याची चंगळ झाली. कारण पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रत्येक पेशा भरभरून देतो.

ह्यावर पुस्तकानें घातलेला दंड पाहा. दोन पेशांच्या पायऱ्यांत एकाहून अधिक अंतर पडलें तर मिळणाऱ्या गुणांतून शेंकडा वीस कापावे. जातीचा जो लाडका पेशा असेल तेवढा ह्या मोजणींतून वगळावा. म्हणजे पांच-पांच हा जो आधींच गरीब, त्याला अभय. आणि सात-तीन असा जो आपल्या मनाचा कल ओळखून चालला, त्याला दंड. रोग एकाला, काढा दुसऱ्याला. हा नियम घरोघरीं रद्द झाला, आणि त्यांत आश्चर्य कांहींच नाहीं. पण तो रद्द करतांना बहुतेकांनीं दिलेलें कारण, कीं हिशेब कटकटीचा आहे, हें दुय्यम होतें. तो अन्याय्य होता हें मुख्य. प्रकाशकांनीं पुढें २००३ मध्यें मंत्र आणि शस्त्र एकत्र चालविणारे खास पेशे देऊन, आणि २००४ मध्यें अपूर्णांकांचे हिशेब देऊन ही चूक शिवण्याचा यत्न केला. शिवण चांगली होती. कापडच बेतांत चुकलेलें. त्याच २००४ च्या पुस्तकांत प्रत्येक पायरीस दोन पेशे एकदम घ्यावे आणि दोहोंतील उत्तम तें ठेवावें अशीहि एक उदार सोय आहे. जेथें दोघेतिघेच खेळणारे आहेत त्या घरीं ती फार उपयोगी पडते, कारण तेथें मेळ्याची गरजच एकेकास दोन कामें करावयास लावते.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें पुष्कळ शहाणपण दाखविलें. दुपेशीपण ऐच्छिक ठरविलें. जुन्या व नव्या दोन्ही पेशांच्या गुणांत निदान १३ असावे अशी माफक अट घातली. मंत्रांच्या ताकदीची बेरीज होऊं दिली, दुहेरी वाराची होऊं दिली नाहीं. तरीहि भोंक राहिलेंच. चार पेशे एकाच 'करिश्मा' ह्या गुणावर उभे असल्यामुळें ते एकमेकांत दुधांत साखर विरघळावी तसे विरघळतात. त्यांत २०१७ सालीं असा एक उपपेशा आला कीं एका पायरीच्या मोलानें तलवारसुद्धां करिश्म्याच्या बळावर चालूं लागली. ज्याला त्या काळ्या शक्तीशीं करार करावयाचा आहे अशी कथेंत कोठें खूण नाहीं, असे धर्मवीर घरोघर ती एक पायरी उचलूं लागले. २०२४ च्या सुधारलेल्या पुस्तकानें सर्व उपपेशे तिसऱ्या पायरीवर नेले आणि ही एका घांसाची चैन महाग केली. 'दुसरा पेशा घ्यावयाचा तर निदान तीन पायऱ्या घे' असें जीं घरें आधींपासून म्हणत होतीं, त्यांच्या मनासारखें आडवाटेनें झालें.

आतां ज्या घरच्या नियमाविषयीं बोलण्यासाठीं हा लेख हातीं घेतला त्याकडे येतों. तो असा : 'दुसरा पेशा घ्यावयाचा असेल तर कथेंत कारण पाहिजे.' आजच्या घटकेस घरच्या नियमांत हा सर्वांत मानाचा. त्यांत आंकडे नाहींत, दंड नाहीं. वाङ्मयाची चाड आहे. मीं स्वतः सूत्रधार म्हणून तो तीन वर्षें चालविला आणि त्याचा मला अभिमान होता.

आमच्या मंडळांत एक वकील आहेत. त्यांच्या धर्मवीराला वर सांगितलेली ती एक पायरी हवी होती. त्यांनीं एका बैठकींत पाऊण तास स्वप्न सांगितलें : काळें तळें, तळ्यांत तलवार, तलवारींत मृत पित्याचा आवाज. सगळे तल्लीन झाले. मीहि झालों. पायरी दिली. कारण पाहिजे होतें, कारण मिळालें. तें कारण पायरीसाठीं रचलें होतें कीं पायरी कारणासाठीं मागितली होती, हें विचारावयाचें मला सुचलें नाहीं.

त्याच मंडळांत हिशेबनिसाचें काम करणाऱ्या एक बाई होत्या. अबोल, पात्राच्या तोंडानें बोलणें त्यांना संकोचाचें वाटे. "ती कुलूप उघडते," "ती मागं राहते," असें त्या तृतीय पुरुषींच सांगत. त्यांचें पात्र चोर होतें. सहाव्या पायरीवर त्यांनीं हळूच विचारलें, "हिला उपासक होतां येईल का?" मीं म्हटलें, "कथेंत कारण काय?" त्या थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तसं काहीं नाहीं. राहूं द्या." मीं राहूं दिलें. पुढच्या तीन बैठकींत त्यांनीं फांसे टाकले, आंकडा सांगितला, आणि दुसरें कांहींहि सांगितलें नाहीं. चौथ्या बैठकीस त्या आल्या नाहींत. कामाचा ताण, असें कळविलें. मीं तें खरें मानलें, कारण तें मानणें सोयीचें होतें.

प्रत्येक बैठकीचें टिपण ठेवण्याची मला संवय आहे. आठदहा महिन्यांनीं दुसऱ्याच एका कामासाठीं मी तीं टिपणें चाळीत होतों. त्यांत माझ्याच अक्षरांत लिहिलेलें होतें : चोरानें आपल्या वांट्याचीं नाणीं देवळाच्या पायरीवर ठेवलीं. दोन पानें पुढें पुन्हां तेंच. पुढें, वेशीबाहेरच्या प्रेतांना पुरण्यासाठीं ती मागें राहिली. मेळा पुढें गेला. पुढें, जखमी शत्रूस पाणी दिलें. सव्वा वर्षाच्या सात बैठकींत सात नोंदी, आणि एकीच्याहि समासांत माझी खूण नाहीं. मीं त्या हिशेबाच्या नोंदी म्हणून लिहिल्या होत्या : इतकीं नाणीं कमी, इतका वेळ गेला. जें कारण मी तोंडीं मागत होतों तें माझ्याच वहींत वर्षभर लिहून ठेवलेलें होतें.

तेव्हां माझा आक्षेप कारण मागण्यावर नाहीं. हा नियम 'कथेंत कारण पाहिजे' असें म्हणतो आणि प्रत्यक्षांत 'कारण सांगतां आलें पाहिजे' एवढेंच पाहतो, हा माझा आक्षेप आहे. ह्या दोहोंतील अंतर तेंच, जें नाटकांतल्या स्वगतांत आणि कृतींत असतें. ज्याच्यापाशीं वक्तृत्व आहे त्याला दुसरा पेशा फुकट. ज्याचें पात्र मुकाट्यानें बदलत आहे त्याला दार बंद. जुना ४०,००० गुणांचा हिशेब वेडावांकडा होता, पण तो वकिलाला आणि हिशेबनिसाला एकाच मापानें मोजीत होता. आंकड्यांचा नियम पक्षपाती होऊं शकतो. परंतु तो कोणाच्या आवाजाला भुलत नाहीं. आंकडे हटवून त्यांच्या जागीं आपली रसिकता बसवितांना सूत्रधारानें स्वतःची वाचनशक्ति किती आहे हें आधीं तपासून घ्यावें. मीं तपासली नव्हती.

सध्यां आमच्याकडे रीत अशी आहे. दुसरा पेशा ज्याला हवा त्यानें कारण सांगावयाचें नाहीं. टिपणांची वही मेजावर ठेवतों आणि इतर खेळणाऱ्यांनीं त्यांतून दाखवून द्यावयाचें, कीं हें पात्र ह्या वाटेनें केव्हांपासून चाललें आहे. तीन नोंदी सांपडल्या तर पायरी मिळते. नाहीं सांपडल्या तर विश्वामित्राचा मार्ग खुला आहे : जुनें कौशल्य बाजूस ठेवून आरंभापासून चला, मोहांत पडलांत तर त्या बैठकीचा अनुभव बुडाला. आमचे वकील ह्या दुसऱ्या मार्गानें एक पायरी चढण्याचा यत्न करीत आहेत आणि आतांपर्यंत चार वेळां मोहांत पडले आहेत. त्यांचा खेळ पूर्वीपेक्षां पुष्कळ रंगतो. ह्या रीतींतहि दोष आहेत. नव्यानें आलेल्या खेळणाऱ्याची वहींत एकहि नोंद नसते, आणि मंडळींत ज्याचें कोणाशीं फारसें सख्य नाहीं त्याच्यासाठीं पानें उलटण्याचे श्रम कोण घेणार, हाहि प्रश्न आहे.

बाईंना मीं पत्र लिहिलें आणि सोबत त्या सात नोंदींची नक्कल पाठविली. त्या गेल्या पावसाळ्यांत पुन्हां येऊं लागल्या. त्यांच्या चोरास उपासकाची पहिली पायरी ताबडतोब द्यावी, हें सर्वांस मान्य झालें. वाद पडला तो वेगळाच. वकीलसाहेबांचें म्हणणें, पहिली नोंद सव्वा वर्षापूर्वींची आहे. तेव्हां तेव्हांपासूनच्या गुणांतील निम्मे उपासकाच्या खात्यांत पूर्वलक्षी धरले पाहिजेत, म्हणजे बाईंना एक नव्हे, तीन पायऱ्या देणें लागतें. बाई म्हणाल्या, "एक पुरे. बाकीच्या ती चढेल." वकील ऐकावयास तयार नाहींत, त्यांनीं हिशेबाचा कागद तयार केला आहे आणि दर बैठकीस तो मेजावर मांडतात. बाईंनीं त्यांत बेरजेच्या दोन चुका दाखविल्या.